जुनी गाडी विकताना पैसे कसे घेतले

आमची २०१५ ची वॅगन आर जानेवारी २०२५ मध्ये विकली. मध्ये दलाल नाही, शोरूममध्ये एक्स्चेंज नाही. ऑनलाइन जाहिरात टाकून थेट घेणाऱ्याला दिली. किंमत कशी ठरवायची, फोटो कसे काढायचे हे सांगणारे खूप भेटतात. पण अनोळखी माणसाकडून अडीच-तीन लाख रुपये नेमके कसे घ्यायचे आणि किल्ली कोणत्या क्षणी हातात द्यायची, हे विचारलं की बहुतेक जण 'सांभाळून कर गं' एवढंच म्हणतात. मला त्या दिवसांत झोप लागायची नाही ती याच प्रश्नापायी. आता मामेबहीण तिची स्कूटर विकायला काढते आहे आणि तिलाही हेच पडलंय. म्हणून जसं घडलं तसं, क्रमाने लिहून काढते आहे.

सुरुवात नोव्हेंबरमध्येच केली होती. गाडीचं कर्ज केव्हाच फिटलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता. बँकेचं ना-हरकत पत्र, सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ आणि परिवहनच्या वेबसाइटवर अर्ज, असं सगळं करून तो आधी उतरवून घेतला. नवी आरसी पोस्टाने यायला जवळपास तीन आठवडे गेले. याचा पैसे घेण्याशी थेट संबंध आहे. बोजा असलेल्या गाडीचे पूर्ण पैसे कोणी एकदम देत नाही. मग 'अर्धे आता, अर्धे बोजा उतरल्यावर' अशी बोलणी सुरू होतात, आणि अर्ध्या पैशांवर गाडी हातातून गेली की विकणारा लटकतो. ई-चलनं थकलेली असतील तर तीही आधीच भरून टाकावीत. ती बाकी असली की ट्रान्सफर अडतं, आणि ट्रान्सफर अडलं की पैशांची बोलणी पुन्हा उघडतात.

दुसरी तयारी खात्याची. ज्या खात्यात पगार येतो आणि घराचा हप्ता जातो, त्याचा नंबर मला अनोळखी माणसाला द्यायचा नव्हता. एक जुनं बचत खातं जवळजवळ रिकामं पडून होतं, ते यासाठी ठरवलं. शाखेत जाऊन केवायसी अद्ययावत केलं, मोबाइल नंबर बरोबर आहे ना ते बघितलं आणि नेटबँकिंग सुरू करून घेतलं. हे खातं कुठल्याच यूपीआय अ‍ॅपला जोडलेलं नव्हतं, ते तसंच ठेवलं. काउंटरवरच्या बाईंनी आपणहून तपासून सांगितलं की खातं पूर्ण केवायसीचं आहे. कमी कागदपत्रांवर उघडलेल्या छोट्या खात्यांना वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही, म्हणून मोठी रक्कम येणार असेल तर आधी विचारून घ्यावं, असं त्या म्हणाल्या. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती.

१४ डिसेंबर २०२४, शनिवारी सकाळी जाहिरात टाकली. किंमत तीन लाख लिहिली, बोलणी होतील असंही लिहिलं. फोटोंमध्ये नंबर प्लेट झाकली. आरसी, आधार, पॅन यांचे फोटो कोणालाही पाठवायचे नाहीत असं घरात ठरवून टाकलं. आपलीच आरसी आणि आधार दाखवून दुसरा कोणी 'मीच गाडीचा मालक' म्हणत तिसऱ्याकडून इसार गोळा करू शकतो. कागद बघायचे असतील तर प्रत्यक्ष या, गाडीजवळ उभं राहून सगळी फाइल बघा, असं मी प्रत्येकाला सांगत होते. खऱ्या गिऱ्हाइकाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

पहिला फोन आला तेव्हा जाहिरात टाकून पंधरा मिनिटंही झाली नसतील. हिंदीत बोलणारा माणूस, आवाज अगदी अदबशीर. मी सीआयएसएफमध्ये आहे, विमानतळावर ड्यूटी आहे, गाडी बघायला यायला सुट्टी नाही, पण फोटो आवडले, किंमतही मान्य आहे. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र आलं. तीन लाखांवर एक रुपयाही घासाघीस नाही, इथेच माझ्या पोटात कालवलं. गाडी न बघता घेणारा माणूस भाव करत नाही, कारण त्याला गाडी नकोच असते.

मग तो म्हणाला, आमच्या अकाउंट्स विभागातून वीस हजार टोकन येईल, तुम्ही फक्त क्यूआर स्कॅन करा. चित्र आलं. मी ते मोठं करून नीट बघितलं. वर ठळक अक्षरांत 'रिसीव्ह रु. २०,०००' असं लिहिलेलं होतं, पण ती अक्षरं चित्रावर नंतर चिकटवलेली होती, कडा वेगळ्या दिसत होत्या. क्यूआरच्या खाली बारीक अक्षरात कुठल्याशा दुकानाचं नाव होतं. क्यूआरमध्ये पैसे ज्याला मिळणार त्याचा पत्ता असतो. स्कॅन करणारा देतो, ज्याचा क्यूआर त्याला मिळतात. आणि यूपीआय पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे काढायला. जमा व्हायला पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, कशावर 'ओके' दाबावं लागत नाही. मी त्याला सांगितलं की खात्याचा नंबर आणि आयएफएससी देते, त्यावर पाठवा. मग अदब संपली. 'मॅडम, हमारे यहाँ सिस्टम ऐसा ही है' असं दोनदा म्हणून फोन ठेवला. थोड्या वेळाने यूपीआय अ‍ॅपवर एक मागणी आली, शेऱ्यात लिहिलेलं, 'टोकन क्रेडिट'. तो शेरा पाठवणाऱ्यानेच टाइप केलेला असतो. मागणी मंजूर केली असती तर पैसे माझेच गेले असते. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली, हे फार बरं झालं. क्यूआरची फसवणूक मात्र चालूच आहे.

तो नंबर मी संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत कळवला. पैसे गेले नसतील, नुसता प्रयत्न झाला असेल, तर ही जागा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. जितक्या लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. हे दोन्ही मी एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावून ठेवलं होतं, कारण घरात सासूबाईही फोन उचलायच्या.

दुसऱ्या दिवशी वेगळाच प्रकार. एकाने इसार म्हणून पाच हजार पाठवतो सांगितलं आणि दोनच मिनिटांत फोन: ताई, घाईत एक शून्य जास्त पडला, पन्नास हजार गेले, पंचेचाळीस परत करा, आईला दवाखान्यात न्यायचंय. पाठोपाठ मेसेज आला, पन्नास हजार जमा. मेसेजची भाषा हुबेहूब बँकेची होती. पण तो आला होता दहा आकडी मोबाइल नंबरवरून. बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो. नेटबँकिंग उघडलं, काही जमा नाही. तो माणूस रडत होता. ऐकताना खरंच वाईट वाटत होतं, आणि तेच त्याचं हत्यार होतं. मी म्हटलं, पैसे चुकून गेले असतील तर तुमच्या बँकेला कळवा, मी माझ्या बँकेला कळवते, बँका आपापसात परत करतील. आणि हे नुसतं फोन कटवण्यासाठीचं उत्तर नाही. जास्तीचे पैसे खरोखर जमा झाले तरी आपण आपल्या हाताने परत पाठवू नयेत. मागणारा बहुधा भलताच नंबर देतो, आणि मग मूळ खातेदार तक्रार करतो तेव्हा आपण मध्येच अडकतो.

त्यानंतर आठवडाभर फोनची रिंग वाजली की छातीत धस्स व्हायचं. नवरा म्हणाला, देऊन टाकू कुठल्या तरी डीलरला. तसा एक आलाही. गाडी बघितली, बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकावला आणि म्हणाला, दोन साठ, रोख, आत्ता. पैशांची पिशवी त्याच्या गाडीत होती. रोख म्हणजे हातात पैसे, फसायचा प्रश्नच नाही, असं वाटतं. पण प्राप्तिकर कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून नियम आहे (१९६१ च्या कायद्यात तो कलम २६९एसटी होता): एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. 'आज दीड, परवा एक दहा' असे तुकडे पाडले तरी व्यवहार एकच, म्हणून तेही चालत नाही. आणि दंड बसतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका. म्हणजे पूर्ण जबाबदारी माझी. शिवाय एवढ्या नोटा मोजायच्या कुठे, खऱ्या-खोट्या बघायच्या कोणी, आणि बँकेत भरताना सांगायचं काय?

त्या गृहस्थांना मी विचारलं, गाडी तुमच्या नावावर कधी होणार? ते म्हणाले, आम्ही नावावर करत नाही, पुढचं गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर. तोपर्यंत फॉर्मवर नुसत्या सह्या करून द्या. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून प्राधिकारपत्र घेणं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर करणं नियमात आलं आहे. ते पत्र आहे का विचारल्यावर विषय तिथेच संपला. पैसे मिळाले आणि नाव मात्र आपलंच राहिलं, तर त्या पैशांना अर्थ नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट म्हटलं की गाडी हातोहात कितीही पुढे विकली गेली, तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. हा निकाल वाचल्यापासून सह्या केलेले कोरे फॉर्म या कल्पनेनेच मला घाम फुटतो.

खरं गिऱ्हाईक डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं. एका कंपनीत नोकरी करणारा मुलगा, सोबत एसटीतून निवृत्त झालेले वडील. काका गाडीभोवती दोन फेऱ्या मारून गेले, चेसिस नंबर आरसीशी ताडून बघितला, मग मुलाला म्हणाले, चालवून बघ. लायसन्स बघून मी शेजारी बसले. भाव दोन ऐंशीला तुटला. इसार दहा हजार, तो मुलाने माझ्यासमोर मोबाइल बँकिंगने (आयएमपीएस) त्याच जुन्या खात्यावर टाकला. मी खात्यात बघितलं, मग इसारपावती लिहून दिली. त्यात तीन गोष्टी मुद्दाम घातल्या: उरलेले दोन लाख सत्तर हजार १० जानेवारीपर्यंत द्यायचे, ते बँकेमार्फत, खरेदीदाराच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यातून यायला हवेत, आणि पूर्ण रक्कम माझ्या खात्यात दिसल्यावरच ताबा. हे तोंडी बोलायला अवघड जातं. कागदावर लिहिलेलं असलं की नंतर तेच वाचून दाखवता येतं.

काकांनी आधी चेक विचारला. नको म्हटलं. चेक वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १३८ आहे, तीस दिवसांत नोटीस, पुढे पंधरा दिवसांची मुदत, मग कोर्ट. पण तोवर गाडी गेलेली असते. मग ते म्हणाले, डीडी आणतो, तो तर बँकेचाच कागद. त्यांच्या पिढीत डीडी म्हणजे पक्के पैसे. १५ सप्टेंबर २०१८ पासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नावही छापलेलं असतं, तेवढं ताडून बघता येतं. पण बनावट डीडी हाही जुनाच धंदा आहे, आणि खरा की खोटा हे तो काढणाऱ्या शाखेतूनच कळतं. डीडी घ्यायचाच झाला तर तो शाखेत निघताना आपण समोर उभं असावं, किंवा तो वटून रक्कम जमा होईपर्यंत किल्ली देऊ नये. समोर उभंच राहायचं तर थेट आरटीजीएसच (बँकेतून मोठी रक्कम खात्यातून खात्यात पाठवणं) का नको, असं मी म्हटलं आणि काकांना ते पटलं.

खरी अडचण चार जानेवारीच्या सुमारास आली, आणि तीही एका सरळ मुलाकडून. त्याचा फोन: ताई, एक लाख माझ्या मित्राच्या खात्यातून येतील चालेल ना? तो माझं देणं लागतो. बाकीचे माझ्याकडून.

मी 'नाही' म्हटलं. हा लेख लिहायला घेतला तो मुख्यतः या एका 'नाही'साठी. पैसे आले की नाही एवढंच आपण बघतो. ते कोणाकडून आले हे तितकंच महत्त्वाचं आहे. ओळखीतल्या एका दुकानदाराचं खातं बँकेने अडवलं होतं. एका गिऱ्हाइकाने सामानाचे पैसे कुठल्या तरी तिसऱ्याच खात्यातून दिले होते, आणि ती रक्कम दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाला फसवून उकळलेली निघाली. १९३० वर तक्रार झाली की रक्कम पहिल्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात कशी गेली याचा माग काढत प्रत्येक ठिकाणी ती अडवली जाते. तुमचा त्यात काही हात नसला तरी तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम, कधी कधी अख्खं खातं, थांबतं. ते मोकळं करायला पोलीस ठाणं, बँक, कधी कोर्ट असे हेलपाटे पडतात. दुकानदाराकडे त्या पैसे पाठवणाऱ्याचं नाव-गाव काहीच नव्हतं. दाखवणार काय? शिवाय पोलिसी भानगड नसली तरी तो मित्र उद्या म्हणू शकतो की हे मी चुकून पाठवले, किंवा मी उसने दिले होते. गाडीच्या कागदांवर त्याचं नावच नाही.

मुलगा दुखावला. 'ताई, आम्ही पळून जाणारी माणसं वाटतो का तुम्हाला?' असं म्हणाला. मला फार अवघडल्यासारखं झालं. त्याच्यावर अविश्वास नव्हता, त्या न बघितलेल्या मित्राबद्दल मला काही माहीत नव्हतं, एवढंच. रात्री काकांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, मित्राला सांगतो पोराच्या खात्यावर टाकायला, तिथून एकत्र तुम्हाला येतील. चार दिवस जास्त लागतील एवढंच. यानेही मागची साखळी शंभर टक्के धुऊन निघत नाही, हे मला माहीत होतं. पण आता पाठवणारा, करारावर सही करणारा आणि आरसीवर चढणारा माणूस एकच राहणार होता. कोणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे कागद असणार होता. कर्ज काढून गाडी घेणाऱ्याच्या बाबतीत पैसे बँक किंवा वित्त कंपनी थेट विकणाऱ्याच्या खात्यात टाकते. तेही चालतं, फक्त कर्ज मंजूर झाल्याचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत.

दिवस ठरवला शुक्रवार, १० जानेवारी. त्यांना शनिवार सोयीचा होता. आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे अडचण नव्हती. पण ११ तारीख म्हणजे महिन्याचा दुसरा शनिवार, शाखा बंद. काही अडलं तर विचारायला माणूस जागेवर असावा म्हणून मी कामाचाच दिवस धरून बसले.

मोबाइलवरून का नाही, असंही झालं. यूपीआयने व्यक्तीला दिवसाला साधारण एक लाखापर्यंतच पाठवता येतात. नेटबँकिंगवर माझं खातं नव्याने जोडलं की पहिले काही तास बँका रकमेवर मर्यादा घालतात, त्याच्या बँकेतही होती. म्हणून त्याच्या शाखेतच भेटायचं ठरलं. आदल्या दिवशी त्याने एक रुपया पाठवला, तो मिळाल्याचं मी कळवलं. खात्याचा नंबर बरोबर आहे याची दोघांचीही खात्री झाली. आता नेटबँकिंगमध्ये पैसे पाठवण्याआधीच खातेदाराचं नाव दिसतं, रिझर्व्ह बँकेने ही सोय बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली होती.

सकाळी अकराला शाखेत. आरटीजीएसचा फॉर्म, सोबत त्याच रकमेचा चेक. माझा खाते नंबर दोनदा लिहायचा असतो, तो मी माझ्या पासबुकातून आकडा-आकडा वाचून ताडला. आरटीजीएसला किमान रक्कम दोन लाख. त्याखाली असेल तर एनईएफटी. शाखेतून पाठवायचं शुल्क पाच लाखांपर्यंत पंचवीस रुपयांच्या आत, वर जीएसटी, ते पाठवणाऱ्याला. घेणाऱ्याला काही पडत नाही.

काउंटरवरून शिक्का मारलेली पावती मिळाली आणि मुलाच्या फोनवर खात्यातून रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला. तो हसून म्हणाला, झालं ताई! पावती माझ्यासमोर, मेसेज माझ्यासमोर, बँकेचा माणूस समोर. तरी माझ्या खात्यात अजून काही नव्हतं. मी म्हटलं, थोडं थांबूया. आम्ही तिघं तिथल्या बाकावर बसलो. वाट बघताना किल्ली पर्समध्ये मुठीत धरली होती, तिची कड तळव्याला रुतत होती. काका आपल्या ड्यूटीच्या गोष्टी सांगत होते, त्यामुळे तो वेळ जरा सुसह्य झाला. नियम असा आहे की घेणाऱ्या बँकेने संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात रक्कम जमा करायची. काही कारणाने जमा करता आली नाही तर ती परत पाठवायची. म्हणजे पावती असूनही पैसे परत जाऊ शकतात, खात्याच्या नंबरात चूक असेल तर. त्यामुळे पावतीवर, स्क्रीनशॉटवर किंवा समोरच्याच्या फोनवरच्या हिरव्या खुणेवर किल्ली द्यायची नाही. यशस्वी व्यवहाराचा खोटा पडदा दाखवणारी अ‍ॅपसुद्धा असतात.

माझ्या फोनवर मेसेज आला बाराच्या आसपास. त्यावरही न थांबता, मेसेजमधली कुठलीही लिंक न उघडता, स्वतः नेटबँकिंगमध्ये शिरले. स्टेटमेंटमध्ये रक्कम दोन लाख सत्तर हजार. पाठवणाऱ्याचं नाव त्या मुलाचंच. यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, आरटीजीएसचा बावीस अक्षर-आकड्यांचा असतो, तो पावतीवरच्या नंबराशी जुळला. मग खात्यातली वापरता येणारी शिल्लक बघितली आणि रकमेवर बँकेने कसली अडवणूक (लीन) लावलेली नाही ना तेही बघितलं. आरटीजीएसने जमा झालेली रक्कम पाठवणाऱ्याला परस्पर मागे घेता येत नाही, म्हणून मला हाच मार्ग हवा होता. मान वर करून 'आले' म्हटलं तेव्हा काकांनीच मोठा श्वास सोडला. त्यांच्याही पोटात गोळा होता, हे तेव्हा लक्षात आलं. आयुष्यभराच्या बचतीतले पैसे एका अनोळखी बाईच्या खात्यात गेले होते आणि गाडीची किल्ली अजून तिच्या पर्समध्ये होती.

म्हणूनच त्यांनी आधी जे मागितलं होतं ते मला अवाजवी वाटलं नव्हतं: दहा हजार मागे ठेवतो, आरसी नावावर झाली की देतो. मी पैसे मागे ठेवायला नकार दिला, पण त्याऐवजी ट्रान्सफरचा अर्ज त्याच दिवशी एकत्र बसून भरायचा शब्द दिला. त्यांची भीती अर्ज रखडण्याची होती, ती अशाने गेली.

शाखेतून निघून आम्ही कागद करायला बसलो. पाचशेच्या स्टँपवर विक्रीचा करार, शंभराचा आता चालत नाही. करारात गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, किलोमीटरचा आकडा, खरी किंमत, इसाराची आणि आरटीजीएसची तारीख, यूटीआर नंबर, आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ अगदी मिनिटासकट. त्या वेळेच्या आधीची चलनं माझी, नंतरची त्याची. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये त्याचं नाव, पत्ता, तारीख भरून झाल्यावरच सही केली. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरताना माझ्या फोनवर ओटीपी आला. इथे मी एकदा सांगितलं की जरा थांबा, मेसेज पूर्ण वाचते. कशासाठीचा ओटीपी आहे हे मेसेजमध्ये लिहिलेलं असतं, आणि गडबडीत आरटीओचा समजून बँकेचा ओटीपी वाचून दाखवला जाण्याची भीती खरी आहे. फी मुलाने भरली. अर्जाच्या पावतीची प्रत मी घेतली, आणि मग किल्ल्या दिल्या, दोन्ही. जुन्या कव्हरमधली सुटी नाणी काढायची राहून गेली होती, ती काकांनी मोजून माझ्या हातावर ठेवली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज त्याच दिवशी गेल्याने ते झालं. नाव बदलल्याचं एम-परिवहन अ‍ॅपवर दिसलं ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. तोवर मी रोज उघडून बघत होते. फास्टॅग गाडी दिली त्याच संध्याकाळी बंद करायला टाकला, नाहीतर त्यांच्या टोलचे पैसे माझ्या खात्यातून गेले असते. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेतलं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि तीन वर्षांत दुसऱ्या गाडीसाठी वापरता येतो. प्राप्तिकराबद्दल विचारलं तर कळलं की घरच्या वापराची गाडी वैयक्तिक वस्तूत मोडते, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र खात्यात एकदम एवढी रक्कम कुठून आली हे दाखवायला करार, इसारपावती, आरटीजीएसच्या पावतीची प्रत आणि त्या महिन्याचं स्टेटमेंट एका पाकिटात ठेवलं आहे. खातं कधी अडलंच, तर बँकेकडून तक्रारीचा नंबर आणि कुठल्या पोलीस ठाण्याने अडवलं हे लेखी घेऊन याच पाकिटाच्या प्रती द्यायच्या. रक्कम मी नाव बदलेपर्यंत त्या जुन्या खात्यातच राहू दिली, मग मुदत ठेवीत टाकली.

मामेबहिणीच्या स्कूटरची रक्कम चाळीस-पन्नास हजारांच्या घरात जाईल, तिला आरटीजीएस लागणार नाही. तिला एवढंच सांगितलं आहे: यूपीआयने घे, पण आपला नंबर किंवा आपला क्यूआर देऊन. समोरच्याचा क्यूआर स्कॅन करायचा नाही. जमा झालेली रक्कम बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघ, आणि पाठवणाऱ्याचं नाव फॉर्म ३० वरच्या नावाशी ताडून बघ. काल तिला पहिला फोन आला. गाडी न बघता घेतो म्हणाला, पूर्ण किमतीला.